चार मुलं, एक टेबल

आपल्या सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास या स्मरणिकेत इतरांनी लिहिला आहेच. पहिली पाण्याची टाकी, लिफ्टचं भांडण, गच्चीची गळती, सगळं त्यात आलंय. मला संपादक मंडळातल्या मुलांनी सांगितलं, "काका, तुम्ही आयुष्यभर शाळेत होतात, शाळेवर लिहा." म्हटलं, अरे, मी शिक्षक नव्हतो. मी फीच्या खिडकीमागे बसणारा क्लार्क. मुलांना माझा चेहरा जाळीतून दिसायचा.

पण खिडकीमागे बसणाऱ्यालाही शाळेचा एक इतिहास दिसतो. शाळा कोणाच्या पैशावर चालते, हा तो इतिहास. तोच आज सांगतो. मात्र मी नोकरी केली त्या शाळेचा नाही. सात समुद्रापलीकडे, शिकागोतल्या एका कॅथलिक हायस्कूलचा.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वी धाकटीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं शिकागोला गेलो होतो. एकदा तिच्या ऑफिसात काही कागद द्यायला मी तिच्याबरोबर गेलो. तिथे कोपऱ्यातल्या एका टेबलाशी एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी बसलेली. पांढरा शर्ट, काळी पॅन्ट, केस नीट बांधलेले. फायली स्कॅन करत होती. मी हळूच लेकीला विचारलं, "कोणाची गं ही? आईबरोबर आलीय का?"

लेक म्हणाली, "नाही बाबा. ही मंगळवारची."

त्या टेबलाला चार मुलं होती. सोमवारचा मुलगा वेगळा, मंगळवारची ही, बुधवारचा आणखी कोणी, गुरुवारचा चौथा. शुक्रवार आळीपाळीनं. एकच नोकरी, चौघांत वाटलेली. आणि त्या नोकरीचा पगार चौघांपैकी कोणाच्याही घरी जात नव्हता. तो जात होता त्यांच्या शाळेला. ती त्यांची फी होती.

चौतीस वर्षं मी फीची पावती फाडली. पण फी भरायची अशी रीत मी कधी ऐकली नव्हती. मग लेकीच्या मागे लागून, वाचून, विचारून जे कळलं ते असं.

शाळेचं नाव क्रिस्तो रे. स्पॅनिशमध्ये अर्थ 'ख्रिस्त राजा'. हे नाव मेक्सिकन माणसाच्या काळजाजवळचं. १९२६ ते १९२९ या काळात मेक्सिकोत सरकार आणि चर्च यांच्यात रक्तरंजित संघर्ष झाला, त्यात चर्चच्या बाजूनं लढणाऱ्यांची घोषणाच ही होती. शाळा चालवतात जेझुइट संघाचे पाद्री. आपल्याला हा संघ परका नाही. १६१६ साली मराठीत 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे फादर स्टीफन्स याच संघाचे, आणि १८६९ साली मुंबईत सेंट झेवियर्स काढणारेही तेच.

शाळा आहे पिल्सन नावाच्या वस्तीत. एका दुपारी गुलाबी मार्गाची गाडी पकडून मी तिकडे जाऊन आलो. उतरल्या उतरल्या मला लालबाग-परळ आठवलं. विटांच्या जुन्या इमारती, चर्चचे उंच मनोरे, भिंतींवर मोठमोठी रंगीत चित्रं, बेकरीतून येणारा वास. एकोणिसाव्या शतकात बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक देशातून आलेले मजूर इथे राहिले आणि त्यांनी आपल्या प्ल्झेन शहराचं नाव वस्तीला दिलं. जवळच मॅकॉर्मिकचा शेतीयंत्रांचा कारखाना होता. आठ तासांच्या कामासाठी १ मे १८८६ ला संप सुरू झाला, ३ मे ला या कारखान्यासमोर पोलिसांनी कामगारांवर गोळ्या झाडल्या आणि दुसऱ्या दिवशी हेमार्केट चौकात बॉम्ब फुटला. आपण १ मे ला कामगार दिनाचं झेंडावंदन करतो, त्याचं मूळ या गल्ल्यांजवळ आहे. माझे वडील गिरणीत होते. त्यांना हे सांगायला हवं होतं, असं तिथे उभं राहून फार वाटलं.

पुढे चेक लोक हळूहळू पांगले आणि १९५०-६० च्या दशकांत मेक्सिकन कुटुंबं आली. शहरात जवळच विद्यापीठाचा मोठा परिसर उभा राहिला, त्यात ज्यांची घरं गेली तीही बरीच इथेच सरकली. हॉटेलात भांडी घासणारे, साफसफाई करणारे, कारखान्यात पॅकिंग करणारे. वस्ती कामगारांचीच राहिली, भाषा बदलली.

आता शाळेकडे वळू. अमेरिकेत कॅथलिकांनी स्वतःच्या शाळा काढल्या त्या हौसेनं नव्हे. सरकारी शाळांत तेव्हा प्रोटेस्टंट वळणाचं बायबल शिकवलं जाई. त्या वादातून १८४४ साली फिलाडेल्फियात दंगली झाल्या, चर्च जाळली गेली. १८८४ साली बाल्टिमोरला सगळे बिशप जमले आणि त्यांनी फर्मान काढलं, की प्रत्येक चर्चशेजारी शाळा हवी, तीही दोन वर्षांत. आयरिश, पोलिश, इटालियन, चेक, म्हणजे येणारा जो तो गरीबच. तरी शाळा उभ्या राहिल्या. १९६० च्या दशकाच्या मध्याला या शाळांत पन्नास लाखांहून जास्त मुलं शिकत होती.

माझ्यातला क्लार्क विचारतो, पैसे कुठून आले?

उत्तर सोपं आहे. सिस्टर लोकांनी पगार घेतला नाही. १९६० च्या सुमाराला या शाळांतल्या दर चार शिक्षकांपैकी तिघे जोगिणी, ब्रदर किंवा पाद्री होते. त्यांना मिळायचं राहणं, जेवण आणि हातखर्चापुरतं थोडं. मजुराच्या मुलाची फी कमी होती, कारण त्याला शिकवणारी बाई फुकट राबत होती. पुस्तकात हा खर्च कुठे दिसत नाही. दिसत नाही म्हणून तो नव्हता, असं नाही.

मग काळ बदलला. १९६५ नंतर मठात जाणाऱ्या मुली कमी होत गेल्या. शाळांना पगारी शिक्षक ठेवावे लागले. फी वाढली. फी वाढली तशी गरीब मुलं गळली, आणि मुलं गळली तशा शाळा बंद पडत गेल्या. आज तिथे या शाळांत सतरा लाखांच्या आसपास मुलं आहेत. शहरातल्या गरीब वस्त्यांतल्या शाळा सगळ्यांत जास्त बंद झाल्या.

इथे आपल्याला वाटेल, सरकारनं अनुदान का दिलं नाही? आपल्याकडे मी ज्या शाळेत होतो ती चालवायची मिशनरी संस्था, पण माझा पगार यायचा सरकारी अनुदानातून. आपल्या राज्यघटनेच्या तिसाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय, की संस्था अल्पसंख्याकांची आहे एवढ्यावरून सरकारनं मदत देताना भेदभाव करायचा नाही. अमेरिकेत उलटं. तिथे धर्म आणि सरकार यांच्यात भिंत. काही राज्यांनी चर्चच्या शाळांतल्या शिक्षकांच्या पगाराला हातभार लावायचा प्रयत्न केला, तो तिथल्या सुप्रीम कोर्टानं १९७१ साली घटनाबाह्य ठरवला. म्हणजे सिस्टर गेल्या, सरकार येऊ शकत नाही आणि पालकांच्या खिशात काही नाही.

अशा वेळी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, शिकागोच्या जेझुइटांनी ठरवलं की या मेक्सिकन वस्तीसाठी काहीतरी करायचं. काय करायचं ते आधी ठरवलं नाही. लोकांना विचारलं. घरोघरी, चर्चच्या सभागृहात बसून विचारलं. लोक म्हणाले, आमची मुलं हायस्कूल पुरं न करताच गळतात. आम्हाला हायस्कूल द्या. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही शिकवणारं द्या, मुलामुलींचं एकत्र द्या. मुख्य म्हणून फादर जॉन फोली यांना बोलावलं. तीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी पेरू देशातल्या शाळांत घालवला होता.

सगळं ठरलं आणि गाडी पैशावर अडली. देणग्यांवर इमारत उभी राहते, पण दर महिन्याचा पगार देणगीवर किती वर्षं चालणार? रिचर्ड मरे नावाचे एक व्यवस्थापन सल्लागार मदतीला होते. कल्पना त्यांनी सुचवली. शहरातल्या कंपन्यांकडे दान मागू नका, काम मागा. एक पूर्णवेळ कनिष्ठ नोकरी चार मुलांत वाटा. प्रत्येक मूल महिन्यातून पाच दिवस कामावर जाईल, बाकीचे दिवस वर्गात. कंपनी त्या नोकरीचे पैसे शाळेला देईल.

१९९६ साली शाळा सुरू झाली. मुलांना आधी उन्हाळ्यात शिकवलं जाई, की फोन कसा घ्यायचा, फाइल कशी लावायची, हात कसा मिळवायचा, डोळ्याला डोळा भिडवून कसं बोलायचं. कामाच्या दिवशी बुडणारे तास भरून काढायला शाळेचा दिवस लांब आणि वर्षही लांब. ज्यांच्या आईवडिलांनी त्या काचेच्या इमारती फक्त रात्री झाडायला पाहिल्या होत्या, त्यांची मुलं सकाळी पुढच्या दारानं आत जाऊ लागली.

ही युक्ती चालली. २००० नंतर बी. जे. कॅसिन नावाच्या उद्योजकानं मोठी रक्कम दिली आणि इतर शहरांत अशाच शाळा निघू लागल्या. आज अमेरिकेत अशा चाळीसच्या आसपास शाळा आहेत. फादर फोलींना २००८ साली तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते नागरी पदक मिळालं.

इथवर वाचून कोणालाही वाटेल, वा! मलाही वाटलं. पण त्या रात्री झोप आली नाही, आणि सकाळी चहाच्या वेळी माझं लेकीशी वाजलंच.

मी म्हटलं, "आधी सिस्टर फुकट राबल्या. आता त्या नाहीत, म्हणून मुलं राबतात. श्रीमंताच्या मुलानं फक्त शिकायचं, आणि गरिबाच्या मुलानं शिकायच्या आधी शिक्षणाचे पैसे कमवायचे. यात नवीन काय?"

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही काय केलंत?"

बरोबर होतं तिचं. मी दिवसा एका पेढीवर पोऱ्या होतो आणि रात्रशाळेत शिकलो. संध्याकाळी साडेसहाला दिवसाच्या शाळेची मुलं घरी गेली, की त्यांच्याच बाकांवर आम्ही बसायचो. गुडघे बाकात मावायचे नाहीत. दुसऱ्या तासाला निम्मा वर्ग पेंगत असायचा. मी मॅट्रिक झालो, पण माझ्याबरोबर बसलेले बरेच झाले नाहीत. लेक म्हणाली, "तुम्ही दमून शिकायला जायचात. ही मुलं दिवसाउजेडी शिकतात. आणि पेढीवर तुम्हाला कोणी शेजारी बसवून काम समजावलं का? मंगळवारची मुलगी आमच्या मीटिंगला बसते. परवा तिनं मला विचारलं, तुम्ही कुठल्या कॉलेजात शिकलात, तिथे कसं जायचं. हे तिला वस्तीत कोण सांगणार होतं?"

आपल्याकडेही हा विचार आहेच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. कमवा आणि शिका ही त्यांचीच वाट. मुलांनी शेतात राबायचं, स्वतःचं अन्न स्वतः शिजवायचं आणि शिकायचं. पण तिथेही हिशेब नुसता मुलांच्या घामावर जुळला नाही. वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं दिलं, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. म्हणजे तिथेही फी कोणीतरी भरलीच.

शिकागोच्या शाळेतही सगळं गोड नाही. नोकरी हा शाळेचा भाग असल्यामुळे कामावर न टिकणाऱ्या मुलाचा शाळेतला पायही डळमळतो. चौदा वर्षांच्या पोराला नोकरीवरून काढलं जाणं म्हणजे काय, याचा विचार करा. बाजार मंदावला की कंपन्या आधी हीच टेबलं कमी करणार, ही टांगती तलवार कायमची. २०२० साली ऑफिसं बंद झाली तेव्हा तर कामावर जाणार कुठे, हाच प्रश्न होता. ज्या शाळेचा पाया दुसऱ्याच्या ऑफिसात आहे, तिला दुसऱ्याच्या ऑफिसाची चिंता लागून राहते.

तरीही मी लेकीपुढे हरलो, ते वेगळ्या कारणानं. ते कारण मी तिला सांगितलं नाही. इथे पहिल्यांदाच लिहितोय.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आमच्या शाळेत गिरणी कामगारांची बरीच मुलं होती. पहिले दोन-तीन महिने फी आली, मग रजिस्टरमधले रकाने रिकामे पडू लागले. तेव्हाच्या मुख्याध्यापिका सिस्टरबाई महिनाअखेरीला माझ्याकडे यायच्या, रजिस्टर उघडून काही नावांपुढे पेन्सिलीनं खूण करायच्या आणि एक पाकीट ठेवून जायच्या. "यांची पावती फाडा. घरी पाठवू नका, फायलीत ठेवा." पाकिटातले पैसे कोणाचे, मी कधी विचारलं नाही. बाईंचा पगार त्यांच्या मठाकडे जायचा, म्हणजे त्यांचे स्वतःचे नव्हतेच. कोणाकोणाकडे पदर पसरत असतील, देव जाणे.

त्या वर्षी दहावीचे परीक्षेचे फॉर्म भरायच्या वेळी बाई नेमक्या आजारी होत्या. त्यांच्या जागी जे काम पाहत होते त्यांनी सांगितलं, परीक्षेची फी आल्याशिवाय एकही फॉर्म बोर्डाकडे जाणार नाही. नियमच तसा होता. शेवटच्या दिवशी एक मुलगा खिडकीशी आला. वडील गिरणीत, घरात सहा महिने पगार नाही. म्हणाला, "सर, सोमवारपर्यंत थांबा." मी म्हटलं, "तारीख आज आहे." तो थोडा वेळ जाळी धरून उभा राहिला आणि गेला. त्याचा फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये राहिला.

रक्कम मोठी नव्हती. त्या दिवशी माझा पगार झाला होता आणि पाकीट माझ्या खिशात होतं.

तो मुलगा शाळेत परत आला नाही. बाई बऱ्या होऊन आल्या, त्यांनी रजिस्टर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून मंगळवारच्या मुलीला पाहून माझ्या मनात आलं ते एवढंच: हिचा फॉर्म ड्रॉवरमध्ये राहणार नाही. रीत चांगली की वाईट यावर माझी लेक आणि मी पुढेही भांडू. पण गरिबाच्या मुलाची फी आपोआप माफ होत नसते, कोणीतरी ती भरत असतं. सिस्टर भरतात, सरकार भरतं, लक्ष्मीबाईंचं सोनं भरतं, नाहीतर ते मूल स्वतः भरतं. आणि कोणीच भरली नाही, तर एक क्लार्क ड्रॉवर बंद करतो.

आता आपल्याबद्दल. या सोसायटीत मी अकरा वर्षं खजिनदार आहे. तुम्ही मला ओळखता ते नोटीस बोर्डावर थकबाकीदारांची यादी लावणारा म्हणून. यादी लावणं चुकीचं नाही, त्याशिवाय लिफ्ट चालणार नाही. पण आपल्या दोन वॉचमनची, सफाईवाल्या मावशींची आणि तुमच्याआमच्या घरी काम करणाऱ्या बायकांची मिळून सात मुलं यंदा दहावी-बारावीला आहेत. मी मोजलीत.

मेंटेनन्सच्या पैशातून त्यांच्यासाठी काही करता येत नाही, सिंकिंग फंडाला तर हातही लावता येत नाही. उपविधी मला पाठ आहेत. पण या महोत्सवासाठी आपण वेगळी वर्गणी काढली होती. हॉल, जेवण आणि ही स्मरणिका धरून त्यातले पैसे उरताहेत. येत्या वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे, की उरलेली रक्कम या मुलांच्या परीक्षेच्या फीसाठी आणि पुस्तकांसाठी ठेवावी आणि दरवर्षी ज्याला जमेल त्यानं त्यात भर घालावी. नावं जाहीर करायची नाहीत, ना देणाऱ्याची, ना घेणाऱ्याची. बाईंची पद्धत.

विरोध करायचा असेल त्यांनी जरूर करावा, सभा त्यासाठीच असते. मात्र सभेला या. गेल्या वेळी कोरम भरायला अर्धा तास थांबावं लागलं होतं.

परीक्षेचे फॉर्म भरायची शेवटची तारीख कळली, की तीही मी बोर्डावर लावीन. थकबाकीदारांच्या यादीच्या वर.